कंडेन्सर माइक कॅमेऱ्याला जोडला तर आवाजच येत नाही. माइक खराब आहे का?

माइक परत करायला धावू नका. ३.५ मिमीच्या सॉकेटला एक्सएलआरची, म्हणजे तीन पिनांच्या माइक-जोडणीची, केबल लावून नवा कंडेन्सर जोडला आणि गल्लीतल्या भजनी मंडळाचं अख्खं भजन मुकं निघालं, असं तुम्ही लिहिलंय. माइक बहुतेक ठणठणीत आहे, उपाशी आहे एवढंच.

कंडेन्सरच्या पोटात एक बारका अँप्लिफायर असतो, त्याला बाहेरून वीज लागते. साउंड मिक्सर ती वीज, म्हणजे ४८ व्होल्टची फँटम पॉवर, एक्सएलआरच्या २ आणि ३ नंबरच्या पिनांवर सारखीच सोडतो. दोन्ही तारांवर व्होल्टेज सारखं, त्यामुळं त्याच तारांतून येणाऱ्या आवाजाला धक्का लागत नाही. कॅमेऱ्याच्या सॉकेटमधून मात्र जेमतेम २ ते ५ व्होल्ट निघतात. कॉलरला लावायचा माइक त्यावर भागवतो, तुमचा नाही.

फँटमचा बॅटरीवाला डबा मिळतो. माइक, मग डबा, मग कॅमेरा असं जोडायचं. पण डब्यापुढची केबल नीट बघून घ्या, मी तिथंच आपटलोय. रंकाळ्याजवळच्या एका हॉलमध्ये कीर्तन शूट केलं. हेडफोनवर आवाज जरा विचित्र, पोकळ वाटत होता, पण मोठा होता म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी बुवांचा फोन, "मोबाइलवर नुसतं तोंड हलतंय की रं माझं!" केबलनं २ नंबरची पिन डाव्या बाजूला आणि ३ नंबरची उजव्या बाजूला दिली होती. दोन्हीकडं तोच आवाज, पण एकमेकांच्या उलटा. मोबाइलच्या एका स्पीकरवर बेरीज झाली की शून्य. एडिटिंगला उजवी बाजू पुसली, डावी दोन्हीकडं चिकटवली, तेव्हा कीर्तन वाचलं. केबल मागताना 'मोनो, कॅमेऱ्यासाठी' असं स्पष्ट सांगा, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच, सुलटा आवाज जाईल.

मला विचाराल तर डब्याच्या भानगडीतच पडू नका. झूम एच५सारखा रेकॉर्डर घ्या किंवा भाड्यानं आणा. त्यात ४८ व्होल्ट आहेत, आवाज त्यातच भरायचा. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक चालू राहू द्या, नंतर रेकॉर्डरचा आवाज चित्राशी जुळवायला तो लागतो. जुळवायच्या खुणेसाठी टाळी वाजवायचीही गरज नाही, टाळांचा पहिला ठोका दोन्हीकडं स्पष्ट दिसतो. फँटम चालू असला की सेल भराभर उतरतात आणि भजन रंगलं की मंडळी उठत नाहीत, तेव्हा जादा सेल खिशात असू द्या.