बंदी ॲपवर आली, पण आपल्या माहितीचं काय झालं?

गलवाननंतर केंद्र सरकारने चिनी ॲपवर बंदी घालायला सुरुवात केली आणि ती यादी वाढतच गेली. दरम्यान अमेरिकेत टिकटॉकचा वाद चांगलाच लांबला. या विषयावर वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरं इथे देतो आहे.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात शिक्षिका आहे. २०२०च्या आधी शिष्यवृत्तीच्या कामासाठी मुलांचे दाखले, आधार कार्डं, पासबुकाची पहिली पानं असं सगळं आम्ही कॅमस्कॅनरवर स्कॅन करायचो. ॲपवर बंदी आली, पण ती कागदपत्रं गेली कुठे?

ताई, तुमचा प्रश्न सगळ्यात आधी घेतला, कारण बंदीच्या बातमीत नेमकी हीच गोष्ट राहून जाते. बंदी आली की ॲप प्ले स्टोअरवरून निघतं आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या त्याच्या सर्व्हरकडे जाणारा रस्ता अडवतात. आधी तिकडे गेलेली माहिती पुसायला मात्र कोणी जात नाही. सरकारचा आदेश परदेशातल्या सर्व्हरवर चालत नाही.

तुम्ही खातं न उघडता स्कॅन करत असाल, तर त्या प्रती बहुतेक फोनमध्येच राहिल्या असतील. लॉगिन करून ‘सिंक’ (प्रती आपोआप कंपनीकडे साठवण्याची सोय) चालू ठेवलं असेल, तर त्या कंपनीच्या सर्व्हरवरही गेल्या असं धरून चालावं. हे ॲप शांघायच्या कंपनीचं. ऑगस्ट २०१९ मध्ये, म्हणजे बंदीच्या दहा महिने आधी, कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीत जाहिरातींसाठी बाहेरून घेतलेल्या कोडमधून शिरलेला घातक भाग सापडला होता. गूगलने तेव्हा ते ॲप काही काळ काढूनही टाकलं होतं. ही बातमी आपल्या शाळांपर्यंत पोहोचली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता करण्यासारखं एवढंच : जुन्या फोनमध्ये ते ॲप अजून असेल, तर लागतील त्या प्रती बाहेर काढून ॲप उडवा. पालकांना आधारचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक करायला सांगा, ते आधारच्या संकेतस्थळावरून मोफत होतं. यापुढे चालत असेल तिथे शेवटचे चारच अंक दिसणारं ‘मास्क्ड’ आधार घ्या.

प्रश्न : माहिती चोरीचा पुरावा सरकारने कधी दाखवला का? की गलवानचा राग ॲपवर निघाला? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नाशिक)

१५ जून २०२०च्या रात्री गलवान खोऱ्यात आपले २० जवान हुतात्मा झाले आणि २९ जूनला ५९ ॲपवर बंदी आली. दोन्हींचा संबंध नाही असं कोणी म्हणू नये. सीमेवर सैन्य समोरासमोर उभं असताना शेजारी देशाला व्यापारातून उत्तर देण्याचा अधिकार कुठल्याही सार्वभौम देशाला असतो. मला तो मान्य आहे.

पण आदेश निघाला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली. देशाचं सार्वभौमत्व, संरक्षण आणि सार्वजनिक सुव्यवस्था ही कारणं देण्यात आली. वापरणाऱ्यांची माहिती परवानगीशिवाय देशाबाहेरच्या सर्व्हरवर जात असल्याच्या तक्रारी आल्या, असं निवेदनात म्हटलं होतं. कोणत्या ॲपने नेमकी कोणती माहिती कुठे पाठवली, हे जनतेसमोर आलं नाही. या कलमाखालच्या २००९च्या नियमांतला नियम १६ अशा तक्रारी आणि त्यांवरची कारवाई गुप्त ठेवायला सांगतो. नियम ९ प्रमाणे तातडीचा आदेश आधी काढता येतो आणि तो तपासणाऱ्या समितीपुढे नंतर जातो. त्याच वाटेने हे घडलं आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या ५९ ॲपवरची बंदी कायम झाली.

धोका खरा होता का? होता. चीनच्या २०१७च्या राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्यातलं सातवं कलम तिथल्या प्रत्येक संस्थेला आणि नागरिकाला सरकारच्या गुप्तचर कामात सहकार्य करायला बांधील करतं. कंपनीची इच्छा असो-नसो, मागितलं तर द्यावं लागणार. आणि डिसेंबर २०२२ मध्ये टिकटॉकची मूळ कंपनी बाइटडान्सनेच कबूल केलं की, आतल्या बातम्या कोण फोडतं हे शोधण्यासाठी तिच्या कर्मचाऱ्यांनी पत्रकारांची टिकटॉकवरची माहिती चाळली होती. म्हणजे सरकारने काही मागितलं नसतानाही आतल्या लोकांना हे सहज जमत होतं.

‘होऊ शकतं’ आणि ‘झालं’ यांत फरक आहे, एवढाच माझा आग्रह आहे. पहिल्याच्या आधारावर बंदी घालता येते, पण मग तसं स्पष्ट सांगावं. २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच कायद्यातलं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं कलम ६६-अ रद्द केलं आणि ६९-अ टिकवलं. टिकवताना आधार घेतला तो याचा, की कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि त्यामुळे आदेशाला न्यायालयात आव्हान देता येतं. आदेशच वाचायला मिळत नसेल, तर आव्हान कशाविरुद्ध द्यायचं? टिकटॉक भारतात सुमारे २० कोटी लोक वापरत होते. त्यात साताऱ्या-बीडकडच्या गावांतून शेताच्या बांधावर उभं राहून व्हिडिओ करणारी, त्यातूनच पहिल्यांदा चार पैसे बघणारी मुलंमुलीही होती. त्यांना एका निवेदनापेक्षा जास्त काहीतरी मिळायला हवं होतं.

प्रश्न : चिनी ॲप वाईट आणि अमेरिकन ॲप चांगली, असं काही आहे का? (वाचक, पुणे)

नाही. अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेला तिथल्या बड्या कंपन्यांकडून परदेशी लोकांची माहिती कशी मिळते, हे २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने बाहेर काढलेल्या कागदपत्रांतून जगाला कळलं. फरक एवढा की, तिथे कंपनी सरकारविरुद्ध कोर्टात जाऊ शकते आणि जातेही. चीनमध्ये ती सोय नाही. शिवाय आपली सीमा चीनला लागून आहे, अमेरिकेला नाही.

या बाबतीत मला युरोपची पद्धत पटते. आयर्लंडच्या माहिती संरक्षण आयोगाने मे २०२३ मध्ये युरोपीय लोकांची माहिती अमेरिकेत पाठवली म्हणून फेसबुकची मालक कंपनी मेटाला १२० कोटी युरोंचा दंड केला. त्याच आयोगाने मे २०२५ मध्ये टिकटॉकला ५३ कोटी युरोंचा दंड केला, त्यात चीनमधून माहिती पाहता येत होती हा मुद्दा होता. कायदा एकच, फूटपट्टी एकच, आणि निकालाची कारणं जाहीर.

आपल्याकडे २०२० मध्ये असा कायदाच नव्हता. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला २०२३ मध्ये, त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि त्यातल्या मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. त्यातलं कलम १६ सरकारला ठरावीक देशांत माहिती पाठवायला मनाई करू देतं. हे चांगलं हत्यार आहे, कारण त्यात ॲप बंद न करताही माहिती अडवता येते. कलम १७ मात्र सरकारला आपल्याच संस्थांना कायद्यातून सूट द्यायची मोकळीक देतं, आणि ते मला अजिबात मान्य नाही.

मित्रदेशाचं ॲपही किती महागात पडू शकतं, याचं एक उदाहरण देतो. स्ट्राव्हा हे धावण्या-सायकलिंगची नोंद ठेवणारं अमेरिकन ॲप. लोक कुठे कुठे धावतात याचा चकाकत्या रेषांचा जागतिक नकाशा त्यांनी प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की सीरिया-अफगाणिस्तानच्या निर्जन भागात काही चौकोन चकाकताहेत. ते लष्करी तळ होते. सैनिक रोज कुंपणाच्या आतून धावत होते आणि घड्याळ नोंद घेत होतं. कोणीही काही चोरलं नव्हतं.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. भारतात टिकटॉक एका रात्रीत बंद झालं, इथे इतकी वर्षं नुसता घोळ. असं का? आणि भारतात बंदी आलेलं शीन हे चिनी कपडेखरेदीचं ॲप परत आलं म्हणतात, ते कसं? (वाचक)

तुमच्याकडे ऑगस्ट २०२० मध्येच अध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढले होते, पण न्यायालयांनी ते रोखले. मग एप्रिल २०२४ मध्ये संसदेने कायदा केला : चिनी मालकी सोडा, नाहीतर बंद व्हा. टिकटॉक न्यायालयात गेलं, खुली सुनावणी झाली, आणि १७ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कायदा कायम केला. ॲप काही तास बंद पडलं, पुन्हा सुरू झालं, आणि ट्रम्प मुदत वाढवत राहिले. शेवटी जानेवारी २०२६ मध्ये नवी अमेरिकन कंपनी उभी राहिली. त्यात ओरॅकल, सिल्व्हर लेक आणि एमजीएक्स या गुंतवणूकदार कंपन्यांचा प्रत्येकी १५ टक्के वाटा आहे आणि बाइटडान्सचा २० टक्क्यांहून कमी. न्यायालयाने वैध ठरवलेला कायदा महिनोन्‌महिने लागू न करणं मला पटलेलं नाही. पण प्रत्येक पायरीची कागदपत्रं तुम्हाला वाचता येतात, ते आमच्याकडे नाही.

शीनचं म्हणाल, तर ते फेब्रुवारी २०२५ मध्ये रिलायन्स रिटेलच्या हातून परत आलं. ब्रँड त्यांचा, पण ॲप रिलायन्सचं आणि ग्राहकांची माहिती भारतातच ठेवायची. पब्जी या मोबाइल गेमचीही गोष्ट अशीच. सप्टेंबर २०२० मध्ये तो बंद झाला आणि २०२१ मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने बीजीएमआय नावाने त्याची भारतीय आवृत्ती आणली. तीही जुलै २०२२ मध्ये अडवली गेली आणि मे २०२३ मध्ये परत आली. मालकी आणि माहितीची जागा बदलली तर दार उघडू शकतं, असा यातून निघणारा अर्थ. टिकटॉकची भारतातली जागा मात्र फार दिवस रिकामी राहिली नाही. बंदीनंतर दहा दिवसांच्या आत, जुलै २०२०मध्ये, इन्स्टाग्रामने इथे रील्स सुरू केलं.

प्रश्न : माझा मुलगा बंदी असलेला गेम कुठूनतरी एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल) घेऊन खेळतो. पोलिस पकडतील का? (पालक, छत्रपती संभाजीनगर)

कलम ६९-अ मध्ये सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे ती आदेश न पाळणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांना. खेळणाऱ्याला त्या कलमात वेगळी शिक्षा नाही. तुमची खरी काळजी ती फाइल कोणी बनवली ही असायला हवी. अनोळखी एपीकेला एसएमएस वाचायची आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ची (पडद्यावरचं वाचायची, बटणं दाबायची) परवानगी मिळाली, की बँकेचा ओटीपी थेट दुसऱ्याच्या हातात जातो. मुलाच्या फोनमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल करा’ ही परवानगी ब्राउझर, व्हॉट्सॲप, टेलिग्राम यांपैकी कोणाला दिली आहे ते बघा आणि काढून घ्या. प्ले प्रोटेक्ट (ॲप तपासणारी गूगलची सोय) बंद केलेलं असेल तर चालू करा. आणि तुमचं बँक खातं ज्या सिमला जोडलं आहे, ते त्या फोनमध्ये असेल तर आजच दुसऱ्या फोनमध्ये टाका.