वाचकांचे प्रश्न : आईकडून बाळाकडे जाणारी मेदाम्ले

प्रश्न : गरोदरपणात ओमेगा-३ मेदाम्ले (स्निग्ध पदार्थांतील मूळ घटकांचा एक गट) बाळाच्या मेंदूसाठी आवश्यक असतात, असे सतत वाचनात येते. परंतु आईचे आणि गर्भाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही, असेही आम्ही शिकलो आहोत. मग आईच्या आहारातील हा घटक बाळापर्यंत पोहोचतो तरी कसा?

उत्तर : तुमची दोन्ही विधाने बरोबर आहेत आणि त्यांचा मेळ वार, म्हणजे गर्भाशयात आईला आणि गर्भाला जोडणारा अवयव (प्लॅसेंटा), घालते. लिनोलेइक आम्ल हे ओमेगा-६ आणि अल्फा-लिनोलेनिक आम्ल हे ओमेगा-३ गटातील मेदाम्ल माणसाच्या शरीरात तयार होऊ शकत नाही, म्हणून या दोघांना अत्यावश्यक म्हणतात. आहारात स्निग्ध पदार्थ मुळीच नसतील तर उंदरांची वाढ खुंटते, हे जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ मध्ये दाखवून दिले आणि तेथून या विषयाचा अभ्यास सुरू झाला. या दोन आम्लांपासून शरीर अधिक लांब साखळीची आम्ले बनवते, त्यांपैकी अॅराकिडोनिक आम्ल (ओमेगा-६ गटातील) आणि डीएचए (डोकोसाहेक्झानोइक आम्ल, ओमेगा-३ गटातील) ही गर्भासाठी सर्वांत महत्त्वाची होत. मेंदूच्या आणि डोळ्यांतील दृष्टिपटलाच्या पेशींची आवरणे घडण्यास ती लागतात, आणि गर्भाची स्वतः ती बनवण्याची क्षमता फारच तोकडी असल्याने त्याला ती बहुतांशी आईकडून तयार स्वरूपातच घ्यावी लागतात.

आईच्या रक्तात बहुतेक मेदाम्ले ट्रायग्लिसराइडच्या (तीन मेदाम्ले एकत्र बांधलेल्या मेदरेणूच्या) रूपाने, प्रथिनांच्या वेष्टनात फिरत असतात आणि या स्वरूपात ती वार ओलांडू शकत नाहीत. वारेच्या ज्या पृष्ठभागाला आईचे रक्त स्पर्श करते, तेथील लायपेज विकरे या ट्रायग्लिसराइडचे विघटन करून मेदाम्ले सुटी करतात. सुटी झालेली, तसेच आईच्या रक्तात अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून आलेली मेदाम्ले वारेच्या पेशी आत घेतात. काही आपोआप आत झिरपतात, तर काहींना त्यासाठी नेमलेली वाहक प्रथिने आत ओढतात. पेशीच्या आत दुसरी प्रथिने त्यांना धरून पलीकडे नेतात. काही मेदाम्ले वार स्वतःच्या ऊर्जेसाठी किंवा आवरणांसाठी वापरते, आणि उरलेली गर्भाच्या रक्तात सोडली जाऊन नाळेवाटे त्याच्या शरीरात जातात.

या सगळ्यात माझ्या मते सर्वांत लक्षणीय गोष्ट ही, की वार सगळ्या मेदाम्लांना सारखी वागणूक देत नाही. जन्माच्या वेळी नाळेतील रक्त तपासले, तर एकूण मेदाम्लांमधील डीएचए आणि अॅराकिडोनिक आम्लाचे प्रमाण आईच्या रक्तातील प्रमाणापेक्षा जास्त आढळते, तर लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक आम्लांचे प्रमाण तिच्यापेक्षा कमी असते. म्हणजे वार निव्वळ गाळणी नाही, ती निवड करते. मात्र आईच्या रक्तातच डीएचए कमी असेल, तर ही निवडक्षमता ती उणीव पूर्णपणे भरून काढू शकत नाही. गरोदरपणातील मधुमेहातही गर्भाच्या वाट्याला येणारे डीएचए कमी होत असल्याचे आढळले आहे.

प्रश्न : मग हे आम्ल रोज ठरावीक प्रमाणात पोटात गेलेच पाहिजे का? एखादा दिवस चुकला तर बाळाचे नुकसान होते का?

उत्तर : नाही. गरोदरपणाच्या पूर्वार्धात आईचे शरीर चरबी साठवते आणि उत्तरार्धात, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, ती साठवण मोकळी करू लागते. त्या काळात तिच्या रक्तातील ट्रायग्लिसराइडचे प्रमाण पूर्वीच्या दुप्पट-तिप्पट होते आणि नेमक्या त्याच सुमारास गर्भाच्या मेंदूची वाढही वेगाने होत असते. त्यामुळे बाळाला मिळणारा वाटा एका दिवसाच्या जेवणावर ठरत नाही. त्यामागे कित्येक महिन्यांचा, किंबहुना गर्भधारणेपूर्वीचाही आहार असतो. फार अकाली जन्मलेली बाळे मात्र या शेवटच्या टप्प्यातील पुरवठ्याला मुकतात, म्हणून त्यांच्या पोषणात या आम्लांकडे वेगळे लक्ष द्यावे लागते.

प्रश्न : मी मासे खात नाही. जवस आणि अक्रोड पुरेसे आहेत का?

उत्तर : त्यांतून अल्फा-लिनोलेनिक आम्ल भरपूर मिळते, पण शरीर त्याचा अगदी थोडा अंश डीएचएमध्ये रूपांतरित करते. प्रजननक्षम वयातील स्त्रियांमध्ये हे रूपांतर पुरुषांपेक्षा अधिक होते, तरीही केवळ त्याच्यावर विसंबणे मला योग्य वाटत नाही. गरोदरपणात रोज किमान २०० मिलिग्रॅम डीएचए मिळावे, अशी शिफारस अनेक तज्ज्ञ करतात. माशांमध्ये डीएचए मुळात सूक्ष्म शैवालांतूनच येते, त्यामुळे शैवालापासून काढलेले तेल शाकाहारी स्त्रियांसाठी सरळ पर्याय आहे. ते आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे. कॉड माशाच्या यकृताचे तेल मात्र टाळावे, कारण त्यातील अ जीवनसत्त्वाचे अतिरिक्त प्रमाण गर्भाला अपायकारक ठरू शकते.

प्रश्न : ओमेगा-३च्या गोळ्यांनी बाळ अधिक हुशार होते, ही जाहिरात खरी आहे का?

उत्तर : तसा पुरावा भक्कम नाही. कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये ७० चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात ओमेगा-३ घेणाऱ्या गटांत ३७ आठवड्यांपूर्वीच्या प्रसूतींचे प्रमाण १३.४ टक्क्यांवरून ११.९ टक्क्यांवर आणि ३४ आठवड्यांपूर्वीच्या प्रसूतींचे ४.६ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आलेले दिसले. मुलांच्या बुद्धीच्या बाबतीत मात्र स्पष्ट फरक आढळला नाही. गोळी घ्यायचीच असेल तर ती अकाली प्रसूतीचा धोका कमी करण्यासाठी घ्यावी, बुद्धिमत्तेच्या आशेने नव्हे.

प्रश्न : प्रसूतीनंतर हा पुरवठा थांबतो का?

उत्तर : थांबत नाही, केवळ मार्ग बदलतो. स्तनातील ग्रंथी काही मेदाम्ले स्वतः बनवतात, परंतु अत्यावश्यक आम्ले त्यांना आईच्या रक्तातूनच घ्यावी लागतात आणि त्यांचा मोठा भाग तिच्या शरीरातील साठ्यातून येतो. दुधातील डीएचएचे प्रमाण आईच्या आहारानुसार बरेच बदलते. जगभरच्या नमुन्यांची सरासरी एकूण मेदाम्लांच्या सुमारे ०.३ टक्के भरते. म्हणून स्तनपानाच्या काळातही वर सांगितलेली डीएचएची मात्रा चालू ठेवावी.