कर्ण, विकर्ण आणि 'सगळ्यात मोठी बाजू'

जुळे सोलापुरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी मराठी माध्यमात दहावीला, बहिणीचा मुलगा अक्कलकोट तालुक्यात कन्नड माध्यमात. सुट्टीत दोघं पायथागोरसची गणितं सोडवायला एकत्र बसली आणि जुंपली. काटकोनासमोरच्या बाजूला ही 'कर्ण' म्हणते, तो 'विकर्ण'. निवाड्यासाठी मोबाईलवर हिंदी व्हिडिओ लावला, तर तिथले सर आयताच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांना जोडणाऱ्या रेषेला 'विकर्ण' म्हणत होते. ताई विचारतात, यातलं बरोबर कोण? मराठीत दोन्हीला एकच शब्द का? आणि तीन बाजू दिल्या की मुलगी सगळ्यात मोठीला सरळ कर्ण म्हणून मोकळी होते, ते चालतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: तिघंही आपापल्या घरी बरोबर. हिंदीत काटकोन त्रिकोणाचा तो 'कर्ण' आणि चौकोनाचा तो 'विकर्ण'. कन्नडच्या पाठ्यपुस्तकात नेमकं उलटं: त्रिकोणाचा 'विकर्ण', चौकोनाचा 'कर्ण'. तेलुगूत दोन्हीकडे 'कर्णम्', म्हणजे आपल्यासारखंच. सोलापुरात या चारही भाषा एका गल्लीत ऐकू येतात, तेव्हा असं भांडण इथेच व्हायचं. (महाभारतात कर्णही आहे आणि विकर्णही, पण ते दोघं निदान एकाच बाजूने लढले.)

आता एकच शब्द का. मला विचाराल तर हे मराठीचं दारिद्र्य नाही, उलट जुनी आणि नीट समजून केलेली सोय आहे. आयत घ्या आणि एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात रेघ ओढा. आयताच्या दृष्टीने ती त्याला तिरकी छेदणारी रेघ. तिथेच कात्री चालवा, हातात दोन काटकोन त्रिकोण येतात आणि तीच रेघ दोघांचीही काटकोनासमोरची बाजू होते. रेघ बदललेली नाही, आपण तिच्याकडे कुठून पाहतो एवढंच बदललं. एका रेघेला एक नाव, यात गैर काय?

शिवाय पायथागोरसचं हे प्रमेय आपल्याकडे मुळात त्रिकोणाचं नव्हतंच. बौधायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञाच्या वेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात, ते असं येतं: 'दीर्घचतुरश्रस्याक्ष्णया रज्जुः पार्श्वमानी तिर्यङ्मानी च यत्पृथग्भूते कुरुतस्तदुभयं करोति।' दीर्घचतुरश्र म्हणजे आयत. त्याची उभी आणि आडवी बाजू वेगवेगळी जी दोन क्षेत्रं (म्हणजे स्वतःवरचे चौरस) करतात, ती दोन्ही मिळून तिरकी दोरी एकटी करते. वेदी आखणाऱ्या माणसाला त्रिकोणाशी कर्तव्य नव्हतं, त्याला चौकट काटकोनात हवी होती. पुढच्याच सूत्रात बाजूंच्या जोड्या दिल्या आहेत: ३ आणि ४, १२ आणि ५, १५ आणि ८, ७ आणि २४, १२ आणि ३५, १५ आणि ३६. तिसरा आकडा सांगितलेलाच नाही, तो दोरी ताणली की आपोआप मिळतो. (ताईंच्या मुलीने ते सहा आकडे तोंडी काढून बघावेत. ५, १३, १७, २५, ३७ आणि ३९ यायला हवेत.)

या सूत्रात 'कर्ण' नाही, 'अक्ष्णया रज्जु' आहे, तिरकी दोरी. शुल्ब म्हणजेसुद्धा दोरी. ग्रीकांचा 'हायपोटेन्यूज' हा शब्द 'खालून ताणलेली' अशा अर्थाचा, आणि आपल्याच शहरातल्या उर्दू शाळांत कर्णाला 'वतर' म्हणतात, म्हणजे धनुष्याची दोरी. सगळीकडे ताणलेली दोरी, आपल्याकडे मात्र पुढे कान आला. हा कर्ण म्हणजे कानच, याबद्दल शंका नको, कारण भास्कराचार्य लीलावतीत (इ. स. ११५०) श्लोकाच्या वृत्तात बसवायला त्याच बाजूला 'श्रुति'सुद्धा म्हणतात, आणि श्रुति म्हणजेही कान. तसंच एका बाजूला 'भुज', 'बाहु' किंवा 'दोः', म्हणजे हात, आणि तिला काटकोनात असलेल्या दुसरीला 'कोटि', म्हणजे टोक. भुज, कोटी, कर्ण हे त्रिकूट शेकडो वर्षं चाललं. शाळेच्या मराठीत त्यातला कर्ण तेवढा उरला. भुजा कोनाकडे गेली (आपण 'कोनाच्या भुजा' पण 'त्रिकोणाच्या बाजू' म्हणतो), आणि कोटी गेली एक तर पैशाकडे, नाही तर विनोदाकडे.

म्हणून 'विकर्ण' मराठीत आणावा असं मला वाटत नाही. घोटाळा होईल अशी जागा आलीच, तर 'आयताचा कर्ण', 'त्रिकोणाचा कर्ण' असं म्हटलं की काम भागतं.

खरी गोची तिसऱ्या प्रश्नात आहे. मुलीचं चुकतंय, आणि ही चूक शब्दाची नसून समजुतीची आहे. कर्ण ही काटकोनासमोरची बाजू. काटकोन त्रिकोणात ती सगळ्यात मोठी असते हे खरं, पण सगळ्यात मोठी बाजू प्रत्येक त्रिकोणाला असते (निदान दुसऱ्या कुणाएवढी तरी), कर्ण नसतो. फक्त बाजू दिल्या असतील तर आधी तिन्हींचे वर्ग करायचे. मोठीचा वर्ग बाकी दोघींच्या वर्गांच्या बेरजेइतका आला तरच तिला कर्ण म्हणायचं. कमी आला तर लघुकोन त्रिकोण, जास्त आला तर विशालकोन, आणि दोन्हीकडे तिचं नाव नुसतं 'मोठी बाजू'.

याला लीलावतीतलंच एक उदाहरण फार छान आहे. भास्कराचार्य आकडे शब्दांत सांगतात: 'मही' म्हणजे पाया 'मनु'एवढा (मनू चौदा, म्हणून १४), एक भुज त्रयोदश (१३) आणि दुसरा 'तिथि' (पक्षाच्या तिथी पंधरा, म्हणून १५). क्षेत्रफळ काढा. ताईंची मुलगी १५ला कर्ण म्हणेल. तपासू: १३चा वर्ग १६९, १४चा १९६, बेरीज ३६५. १५चा वर्ग फक्त २२५. म्हणजे काटकोन नाहीच, कर्णही नाही.

मग एकही कोन माहीत नसताना पुढे जायचं कसं? शिरोबिंदूतून पायावर लंब टाकायचा. लंबाने पायाचे जे दोन तुकडे होतात त्यांना लीलावतीत 'आबाधा' असा स्वतंत्र शब्द आहे. हा शब्द आपण सोडला याची मला खरंच हळहळ वाटते, कारण आता आपल्याला 'लंबपादाने केलेले पायाचे भाग' असं लांबण लावावं लागतं. रीत अशी: दोन भुजांची बेरीज गुणिले वजाबाकी, भागिले पाया. २८ गुणिले २ म्हणजे ५६, भागिले १४ म्हणजे ४. हे ४ पायात मिळवून आणि पायातून वजा करून अर्धं करायचं: आबाधा ९ आणि ५. आता १३चा वर्ग वजा ५चा वर्ग म्हणजे १४४, लंब १२. क्षेत्रफळ १४ गुणिले १२ भागिले २, म्हणजे ८४.

गंमत बघा, लंब पडल्याबरोबर त्या एका त्रिकोणाचे दोन काटकोन त्रिकोण झाले, ५-१२-१३ आणि ९-१२-१५. मघाशी एकही कर्ण नव्हता, आता १३ आणि १५ दोन्ही कर्ण. बाजू त्याच, पण कुठल्या त्रिकोणात पाहता त्यावर नाव ठरतं. आयताच्या रेघेचीही हीच गोष्ट होती.

हे फक्त परीक्षेपुरतं नाही. तिकोन्या प्लॉटच्या कडा टेपने १३०, १४० आणि १५० फूट भरल्या, तर कोन न मोजता क्षेत्रफळ ८४०० चौरस फूट निघतं. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, तेव्हा पावणेआठ गुंठ्यांना जरासं कमी. गवंडीही हेच करतात. गुण्या (काटकोन तपासायचं अवजार) लहान पडतो म्हणून कोपऱ्यापासून एकीकडे ३ फूट, दुसरीकडे ४ फूट खूण करून तिरकं माप ५ भरतं का ते बघतात. खोली १२ बाय १६ असेल तर दोन्ही कर्ण २० फूट यायला हवेत. नुसते दोन कर्ण सारखे आले म्हणून मात्र खूश होऊ नये, समोरासमोरच्या भिंतीही सारख्या हव्यात, नाही तर एकीकडे निमुळती खोलीही या परीक्षेत पास होते.

मुलीला सरावासाठी लीलावतीतलंच दुसरं उदाहरण द्या: भुज १० आणि १७, पाया ९. इथे १७चा वर्ग २८९, बाकीच्यांची बेरीज १८१, म्हणजे विशालकोन. मघाची रीत लावली की २७ गुणिले ७ भागिले ९, म्हणजे २१ येतात, पायापेक्षाही मोठे. अर्ध्या केल्यावर आबाधा १५ आणि उणे ६. मुलं इथे गणित चुकलं म्हणून खोडून टाकतात. चुकलेलं काही नाही, लंब पायाच्या बाहेर, ६ अंतरावर पडतो एवढंच ते उणे चिन्ह सांगतं, आणि भास्कराचार्यांनीही ती आबाधा ऋणच धरली आहे. १०चा वर्ग वजा ६चा वर्ग, ६४, लंब ८, क्षेत्रफळ ३६. यात कर्ण किती आणि कोणते, ते तिला आणि मावसभावाला मिळून शोधू द्या. तो त्यांना 'विकर्ण' म्हणाला तरी उत्तर तेच येईल.