अमेरिकेत हंगाम संपल्यावर शिकार केली तर कायद्याने काय होतं?

परवाना आहे, फक्त तारीख उलटली, तर किरकोळ दंड भरून सुटता येईल का, असं तुम्ही विचारलंय. भरवसा ठेवू नका. बंद हंगामात परवाना असून नसल्यासारखाच. ती अवैध शिकारच ठरते. बंदीचा काळ बहुधा विणीचा असतो, मादी मारली की मागे पिल्लंही मरतात, म्हणून हा कडकपणा.

दंड हा त्यातला लहान भाग. मारलेलं जनावर जातंच, बंदूक जप्त होऊ शकते, कधी गाडीसुद्धा. काही ठिकाणी त्या जनावराची भरपाई वेगळी वसूल करतात. स्थलांतरित पक्ष्यांसाठी अमेरिकेत १९१८ चा केंद्रीय कायदा आहे; त्यात साध्या गुन्ह्यालाही १५,००० डॉलरपर्यंत दंड आणि ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ती शिकार राज्याची हद्द ओलांडून नेली किंवा विकली, तर १९०० चा लेसी कायदा वेगळा लागतो.

शिकाऱ्याला खरा चटका बसतो तो परवान्याचा. तो काही वर्षांसाठी, क्वचित कायमचा जातो. शेजारच्या राज्यात नवा काढू म्हणाल, तर तेही जमत नाही: अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी एकमेकांची निलंबनं मानण्याचा करार केलेला आहे.

‘तारीख माहीत नव्हती’ हा बचाव सहसा टिकत नाही. एकाच हरणाच्या तारखा धनुष्यासाठी वेगळ्या, बंदुकीसाठी वेगळ्या असू शकतात, आणि त्या दरवर्षी बदलू शकतात. जिवावर बेतलं म्हणून गोळी झाडली असेल तर गोष्ट निराळी, पण मग लगेच वन्यजीव अधिकाऱ्यांना कळवा. लपवलंत तर तो बचावही हातचा जातो.