जिप्सी १९९५ ची घ्यावी की २००४ ची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बोनसचे ३ लाख हातात आहेत, ५ लाखांची एफडी आहे आणि मारुती जिप्सी घ्यायचं मनात आहे. एक गाडी १९९५ ची, पावणेचार लाखांना. रंग नवा, टायर नवे, आत ‘किंगचं इंजिन टाकलेलं’ (किंग म्हणजे जिप्सीचंच नंतरचं मॉडेल). पासिंग, म्हणजे आरटीओकडच्या नोंदणीची मुदत, २०२५ मध्ये संपलंय, मालक म्हणतो ‘होऊन जाईल’. दुसरी २००४ ची एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल देणारं इंजिन), साडेपाच लाखांना, दिसायला बेताची, पासिंग २०२९ पर्यंत. जुनी स्वस्त, शिवाय ‘क्लासिक’ म्हणून भाव चढणार, तर एफडीतून ७५ हजार काढून तीच घ्यावी का?

माझ्या मते नको. घ्यायचीच तर २००४ ची, तीही लगेच नाही.

डिसेंबर १९८५ मध्ये जिप्सी आली ती ९७० सीसी इंजिन आणि ४ गिअर घेऊन. १९९३ मध्ये डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर ९० मिलिमीटरने वाढलं, इंजिन तेच राहिलं. १९९६ च्या किंगला १२९८ सीसी आणि पाचवा गिअर मिळाला, पेट्रोल पुरवायचा जुन्या पद्धतीचा कार्बोरेटर मात्र सुटला नाही. २००० मध्ये १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन आलं, ८० बीएचपीचं. चाकांवरच्या स्प्रिंगांचे पोलादी पाटे शेवटपर्यंत होते, त्यामुळे तुमच्या कमरेला वर्षावर्षात फरक कळायचा नाही.

आता १९९५ च्या गाडीकडे बघा. तिच्या आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) ९७० सीसी असणार आणि बॉनेटखाली १२९८. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय चालत नाही आणि मंजुरी मिळाली की आरसीवर नोंद होते. ती नोंद नसेल तर पासिंगला इंजिन नंबर जुळणार नाही. विम्याचंही तेच. थर्ड पार्टीचा हप्ता सीसीवर ठरतो. २०२२ च्या दरांनी १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, त्यापुढे १५०० पर्यंत ३,४१६. हप्त्यातला फरक किरकोळ आहे, पण अपघात झाला तर विमा कंपनी याच विसंगतीवर बोट ठेवू शकते. पावणेचार लाखांत तुम्ही गाडीबरोबर हा धोकाही विकत घेताय, आणि मालकाने त्याची किंमत कमी केलेली नाही. उलट ‘किंगचं इंजिन’ म्हणून वाढवलेलीच दिसते.

वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १० हजार झालंय. मुदत टळली की दरमहा ५०० रुपये विलंबशुल्क, वर पर्यावरण कर. २००४ च्या गाडीला हा खर्च २०२९ मध्येच येईल.

‘क्लासिक’चं म्हणाल तर सरकारी नियमात व्हिंटेज व्हायला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं लागतात. पहिल्यावहिल्या जिप्सीलाही २०३५ उजाडेल, तुमच्या १९९५ च्या गाडीला २०४५. उत्पादन थांबल्यापासून मागणी टिकून आहे, हे खरं. खासगी वापराची गाडी विकून फायदा झालाच तर त्यावर भांडवली नफा कर नाही, हेही खरं. पण चेसिस गंजली की तो फायदा वेल्डिंगमध्ये जातो. हा खर्च हौसेच्या खात्यात लिहा. हौस करायला माझी हरकत नाही.

तुमचा घरखर्च ६५ हजार, गृहकर्जाचा हप्ता २८ हजार. म्हणजे ५ लाखांची एफडी जेमतेम सव्वापाच महिने पुरते. तिला हात लावू नका. २००४ ची साडेपाच लाखांची आणि डागडुजीला १ लाख धरले तर बोनस वजा जाता साडेतीन लाख कमी पडतात. इतक्या जुन्या गाडीवर बँका सहसा वाहनकर्ज देत नाहीत, म्हणजे वैयक्तिक कर्ज. १३ टक्क्यांनी ३ वर्षांसाठी काढलंत तर व्याजच सुमारे ७४ हजार. त्याऐवजी महिन्याला २० हजार बाजूला टाकता येतात असं तुम्हीच लिहिलंय, त्या हिशेबाने दीड वर्षात रक्कम जमेल. मुलीच्या शिक्षणाची एसआयपी तशीच चालू ठेवा. ही २००४ ची तोवर थांबणार नाही, पण २००० नंतरच्या एमपीएफआय गाड्या आणखीही विक्रीला येतील.

मधल्या काळात १९९५ च्या मालकाकडे आरसीची झेरॉक्स मागा आणि इंजिन नंबर स्वतः जुळवून बघा. इंजिनाची नोंद आणि पुढच्या ५ वर्षांचं पासिंग तो स्वतःच्या नावावर, स्वतःच्या खर्चाने करून देत असेल तर मला परत लिहा, मग हिशेब नव्याने मांडू.