गुरुजींना विचारा : मधली काडी कोणाची?

प्रश्न : गुरुजी, माझी मुलगी पाचवीत आहे. ४, ७, १०, १३ अशी संख्यामालिका दिली की पुढची संख्या पटकन सांगते. पण विसावी विचारली की एकेक लिहीत बसते. शिकवणीत ‘तीन गुणिले क्रमांक अधिक एक’ असं सूत्र पाठ करून घेतलंय, तर आता ५, ९, १३ लाही ती तेच लावते. काय करावं? (एक आई, पारोळा)

उत्तर : ताई, आधी ते सूत्र विसरायला लावा. सूत्र चूक नाही, पण ते तिच्या हातात आयतं पडलंय.

खराट्याच्या काड्या घ्या, सारख्या लांबीच्या. ओट्यावर एक चौकोनी खोली मांडायला सांगा. चार काड्या लागतील. तिला चिकटून दुसरी मांडली की सात, तिसरीला दहा. तुमचीच मालिका. मग विचारा, वीस खोल्यांना किती?

मी अमळनेर तालुक्यात शिकवत होतो तेव्हा हे वर्गात केलं. एकाने दहा खोल्या मांडल्या, ३१ काड्या मोजल्या आणि दुप्पट करून ६२ सांगून मोकळा झाला. दुसरा म्हणाला, खोलीला चार, म्हणजे वीस चोक ८०. मी गप्प राहिलो. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक जण उठून ओरडला, “गुरुजी, मधली काडी दोन्हीस्नी शे!” मधली भिंत दोघांची सामायिक. झालं, ८० वाल्याला उमगलं. वीस खोल्यांमध्ये सामायिक भिंती १९, त्या दोनदा मोजल्या गेल्या. ८० वजा १९, म्हणजे ६१. एक मुलगी म्हणाली, मी तर पहिली भिंत उभी केली आणि मग प्रत्येक खोलीला तीन-तीन काड्या जोडत गेले. वीस त्रिक ६०, आणि ती एक. पुन्हा ६१! ६२ वाल्याचं काय चुकलं? त्याने सुरुवातीची भिंतही दुप्पट केली. दोन वाटा आणि उत्तर एकच, यावर वर्ग पाऊण तास भांडला. घंटा झाली तेव्हा मलाच वाईट वाटलं.

आता ५, ९, १३. पाच काड्यांची पंचकोनी खोली मांडा, तिला चिकटून दुसरी. दर खोलीला चार वाढतात, सुरुवातीची भिंत एकच. तीन कुठून आले होते ते तिला दिसलं असेल, तर इथे चार ती स्वतःच म्हणेल.

‘पुढची संख्या कोणती’ हा प्रश्न मला फारसा आवडत नाही. १, २, ४ नंतर ८ की ७? दुप्पट केली तर ८. आधी १, मग २, मग ३ मिळवले तर ७. एका मुलीचं ७ मी लाल शाईने खोडलं होतं. तिने कारण सांगितल्यावर मला ते पुन्हा बरोबर करावं लागलं, तेही सगळ्या वर्गासमोर.

संख्येच्या जागी एक्ससारखं अक्षर लिहायची भीती असेल तर घाई करू नका. चाळीसगावजवळच्या पाटण्याला पाटणादेवीच्या दर्शनाला जाल तेव्हा तिला सांगा की इथे १२०७ सालचा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याचं त्यात कोरलंय. भास्कराचार्य ठाऊक नसलेल्या संख्येला ‘यावत्-तावत्’ म्हणत, म्हणजे जितकं तितकं. अशा संख्या जास्त असल्या तर पुढच्यांना रंगांची नावं : कालक, नीलक, पीतक. लिहिताना पहिलं अक्षर, या, का, नी, पी. तुमच्या मुलीने खोल्यांच्या संख्येला ‘खो’ म्हटलं तरी चालेल. काड्या = ३ × खो + १. एक्स येईल सावकाश.

मग उलटं विचारा. १०० काड्या आहेत, खोल्या किती? पहिली भिंत बाजूला ठेवली की ९९, तिनाने भागले की ३३. हे जमलं की ५० काड्या हातात द्या. सोळा खोल्या होतील आणि एक काडी उरेल. ती का उरली, आणि सतरावी खोली करायला अजून किती हव्यात, हे तिने काय शब्दांत सांगितलं ते मला जरूर कळवा.