रबिंग मारण्याआधी : गाडीच्या रंगाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची मरून गाडी नऊ वर्षांची आहे, अंगणात उन्हातच उभी असते. बॉनेट पांढुरकं पडलंय आणि छताच्या मागच्या कडेला पापुद्रे निघताहेत. डिटेलिंगवाला म्हणतो, रबिंग (मशीनने रंग घासून चमकवणं) करून सिरॅमिक कोटिंग (रंगावर बसणारा पातळ संरक्षक थर) मारलं की नव्यासारखी होईल. खरं का? (एक वाचक, ता. वणी)

उत्तर : बॉनेट सुधारू शकेल, छत नाही. कंपनीतून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. सगळे मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), म्हणजे कागदाच्या एका पानाइतके. त्यात क्लिअर कोट जेमतेम 35 ते 50. उन्हाचा मारा तोच झेलतो. रबिंगने त्यात भर पडत नाही, उलट तो घासून कमी होतो. त्यामुळे जिथे पापुद्रे सुटलेत तिथे घासायला काही उरलेलंच नाही. कोटिंगही त्या पापुद्र्यांसोबतच निघून जाईल.

बॉनेटची परीक्षा घरीच करा. पांढऱ्या कापडावर थोडं कंपाउंड (रबिंगची खरखरीत पेस्ट) घेऊन कोपऱ्यात हलक्या हाताने घासा. कापड मरून झालं तर तिथला क्लिअर कोट संपलाय, रबिंगचा खर्च करू नका. कापडाला मरून रंग लागला नाही, तर दुकानात जाडी मोजणाऱ्या गेजने प्रत्येक पत्र्यावर चार-पाच ठिकाणी मोजायला सांगा. 80 मायक्रॉनच्या खाली आकडा आला तर कंपाउंड नको. 200 च्या वर गेला तर तो भाग आधी कधीतरी रंगवलेला आहे. कितीही घाई असली तरी गेज न लावता मशीन चालवणाऱ्याकडे गाडी देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कामाचा क्रम असा : शाम्पूने धुणं, लोहकण काढणारं द्रावण (जांभळं झालं की लगेच धुवायचं, वाळू द्यायचं नाही), शाम्पूच्या पाण्यात क्ले बार (रंगावर रुतलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी), मग कडा, रबर आणि काळ्या प्लास्टिकवर मास्किंग टेप. पत्र्याच्या घडीवर आणि कडांवर थर सगळ्यात पातळ असतो. रंग जळतो तो तिथेच. आधी दोन फूट चौकोनात ड्युअल ॲक्शन मशीनने (पॅड गोल फिरवतानाच डगमगवणारं मशीन) मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिश. तेवढ्याने भागलं तर कंपाउंडला हातही लावायचा नाही. पत्र्यावर तळहात टेकवत नसेल तर थांबायचं, कारण तापल्या पत्र्यावर पॉलिश चटकन सुकतं आणि नवे ओरखडे पडतात. मे महिन्यात हे काम पहाटे, शेडमध्येच करावं.

नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणाने पत्रा पुसून, टॉर्च तिरपा धरून बघा. पॉलिशमधलं तेल ओरखडे झाकून ठेवतं. ते पुसल्यावरच खरी स्थिती दिसते. कोटिंग त्यानंतर. पहिले 24 तास पाणी लागू द्यायचं नाही, आठवडाभर शाम्पू नाही.

छताचं सुटलेलं सगळं घासून काढून पूर्ण छत रंगवावं लागेल. मधेच जोड दिलेला क्लिअर कोट पुन्हा तिथूनच उघडतो.

प्रश्न : बोअरच्या पाण्याने धुतलं की काळ्या गाडीवर पांढरे ठिपके राहतात. पुसून जात नाहीत. (ता. दर्यापूर)

उत्तर : खारपाणपट्ट्यातल्या (जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागातल्या) पाण्यात दोन गोष्टी असतात. मीठ साध्या गोड्या पाण्याने निघतं. कॅल्शियमचा थर मात्र चिकटून बसतो, त्याला आम्लच लागतं. पांढरं व्हिनेगर आणि बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी समप्रमाणात घ्या (पाणीच घ्या, बॅटरीचं ॲसिड नव्हे), थंड पत्र्यावर ओलं कापड दोन-तीन मिनिटं ठेवा, लगेच भरपूर पाण्याने धुवा. तरीही गोल खूण दिसली तर पाण्याने क्लिअर कोट कोरलाय. तिथे हलकं पॉलिश लागेल. पुढे गाडी सावलीत धुवा आणि पाणी सुकायच्या आत मायक्रोफायबरने टिपून घ्या. शेवटची बादली टाकीत साठवलेल्या पावसाच्या पाण्याची मिळाली तर उत्तमच. गिट्टी लागून जिथे रंग उडालाय तिथे खारं पाणी मुरून गंज धरतो, म्हणून ते टवके टच-अपने आधी बुजवा.

प्रश्न : वावरातली ताडपत्री गाडीवर टाकली तर चालेल का? (ता. मेहकर)

उत्तर : नको. वाऱ्याने ती फडफडते आणि खालची धूळ रंगावर घासत राहते. पावसाळ्यात आत ओल कोंडते. चार खांबांवर टिनाचं छप्पर किंवा वर ताणलेली हिरवी शेडनेट, गाडीला न टेकणारी, हे कितीतरी बरं. कोरड्या फडक्याने धूळ झटकण्याची सवयही सोडा. आधी पाण्याचा फवारा, मग शाम्पू. कपडे धुण्याची पावडर वॅक्स उतरवते.

प्रश्न : मुरमाच्या रस्त्यावर खडे उडतात. सिरॅमिक कोटिंग त्यापासून वाचवेल का? (ता. चामोर्शी)

उत्तर : नाही. कोटिंगचा थर फार पातळ असतो. त्यामुळे धूळ-चिखल लवकर सुटतो, खड्याचा मार अडत नाही. त्यासाठी पीपीएफ, म्हणजे 150 ते 200 मायक्रॉनची पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म. पूर्ण गाडीला लावणं महाग पडतं. पुढचा बंपर, बॉनेटची पुढची कड आणि मागच्या चाकांपुढचा पत्रा एवढ्यालाच लावून घ्या. नव्याने रंगवलेल्या भागावर मात्र रंग पूर्ण पक्का झाल्याशिवाय फिल्म चिकटवू नका, नाहीतर ती काढताना रंगही सोबत येतो.